दंगा करणाऱ्या पाचही जणांचा एकच ग्रुप का नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तिसरीचा वर्ग आहे, त्यात पाच मुलं सतत काही ना काही करतात, मध्येच बोलणं, उठून फिरणं, शेजारच्याची वस्तू ओढणं, खेळात हरलं की रडारड नाहीतर मारामारी. छोट्या ग्रुपमध्ये अॅक्टिव्हिटी घ्या असं कोणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही या पाच जणांना आठवड्यातून एकदा वेगळ्या खोलीत नेताय, स्टार चार्टपण लावलाय, सहा आठवडे झाले आणि आता ते पाच जण आधीपेक्षा जास्त जमून मस्ती करतायत. आणि तुम्ही विचारताय की अजून कुठल्या अॅक्टिव्हिटी घेऊ.

अॅक्टिव्हिटी सांगते, पण आधी तो ग्रुप मोडा. अगदी या आठवड्यात मोडा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः हीच चूक केलीये. शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती, भलताच उत्साह होता, मी वर्गातले सहा दंगेखोर वेचून काढले आणि त्यांचा ‘खास ग्रुप’ केला. दोन महिन्यांत काय झालं तर त्या सहा जणांनी स्वतःच्या टोळीला नाव ठेवलं, बाकीची मुलं त्यांना त्याच नावाने ओळखायला लागली, आणि एक मुलगा जो आधी फक्त मध्येमध्ये बोलायचा तो आता बाकाखाली शिरून भुंकायला शिकला होता. भुंकणं मी शिकवलं नव्हतं, ते त्याला ग्रुपने शिकवलं. एकाने आगाऊपणा केला की बाकीचे पाच खदाखदा हसायचे, आणि त्या हसण्यापुढे माझा कागदी स्टार म्हणजे काहीच नाही हो.

यावर अभ्यासपण झालेला आहे. १९९९ साली डिशियन, मॅककॉर्ड आणि पुलिन या तिघांनी एक पेपर लिहिला, त्यात हेच होतं की त्रासदायक वागणाऱ्या किशोरवयीन मुलांना चांगल्या हेतूने एकत्र आणून कार्यक्रम घेतले तर काही वेळा त्यांचं वागणं उलट बिघडतं, कारण नियम मोडण्याच्या गप्पांना सोबत्यांकडून हसून दाद मिळते. ती मुलं मोठी होती, आपली आठ वर्षांची आहेत, हे मान्य. पण दाद मिळाली की ती गोष्ट परत करावीशी वाटते हे आठव्या वर्षीही तसंच असतं, वर्गात उभं राहिलं की दिसतंच.

म्हणून मी छोट्या ग्रुपकडे आता एकाच नजरेने बघते. ग्रुपमध्ये खरं बक्षीस बाई देत नाहीत, बाकीची मुलं देतात. त्यांचं हसणं, ‘ये ना आमच्यात’ म्हणणं, ‘अरे भारी केलंस’ म्हणणं, हेच खरं बक्षीस. मग आपलं काम एवढंच की ग्रुप असा बांधायचा आणि काम असं द्यायचं की त्या मुलाचं नीट वागणं बाकीच्यांना उपयोगी पडेल. अॅक्टिव्हिटी कुठली हा त्यानंतरचा प्रश्न.

तर ग्रुप कसा. चार जणांचा, फार तर पाच. सहा झाले की एक जण हमखास मोकळा राहतो आणि मोकळा राहिलेला काय करतो ते तुम्हाला माहितीये. एका ग्रुपमध्ये तुमच्या पाचातला एकच. त्याच्यासोबत दोन शांत पण बुजरी नसलेली मुलं आणि एक असं मूल जे त्याला मनापासून आवडतं, ज्याच्याजवळ बसायला तो धडपडतो. वर्गातली सगळ्यात ‘गुणी’ मुलगी मात्र त्याच्याशेजारी बसवू नका, हे आपण सगळेच करतो आणि मग ती बिचारी वर्षभर पोलीस होऊन जाते, तिलाही त्रास आणि त्यालाही. आणि ‘तू याच्यावर लक्ष ठेव’ असं कोणालाही सांगायचं नाही. चारही जणांना एवढंच माहीत पाहिजे की आपला एक ग्रुप आहे.

आणि वेगळ्या खोलीत नेऊ नका. निदान नेहमी तरी नको. वेगळ्या खोलीत शिकलेलं वागणं आपोआप वर्गात येत नाही, तिकडे एकदम शहाणा आणि वर्गात आला की पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा सगळ्या वर्गाचेच ग्रुप पाडा, आठवड्यातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही फिरत रहा आणि त्या दिवशीच्या ठरलेल्या ग्रुपपाशी जरा जास्त वेळ टेका. कोणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही हा त्यातला मोठा फायदा.

अॅक्टिव्हिटीच्या आधी अजून एक, कंटाळवाणं आहे पण करा. पाच दिवस नुसतं मोजा. एक छोटी वही खिशात ठेवा, एका मुलाने काही केलं की तीन गोष्टी लिहा, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. पाचही जणांचं एकदम नको, दोघांचं करा. माझ्याकडे एक मुलगा होता, रोज कंपासपेटी खाली पाडायचा, धडाम करून, सगळे वळायचे, मी ओरडायचे. वहीत लिहायला लागल्यावर दिसलं की पेटी फक्त गणिताच्या तासाला पडते, आणि तेही शाब्दिक उदाहरणं आली की. त्याला वाचता येत नव्हतं नीट. पेटी पडली की बाई ओरडणार, मग बाहेर उभं करणार, म्हणजे उदाहरण वाचायची पाळीच येणार नाही. काय हिशोब होता त्याचा! त्याला ‘शांत कसं बसावं’ हे शिकवून काही होणार नव्हतं, त्याला ‘मला हे वाचून दाखवशील का’ हे पाच शब्द बोलायला शिकवायचे होते. आणि वाचायला पण, अर्थात.

म्हणजे नीट वागणं हे पण पाढ्यांसारखं शिकवावं लागतं असं धरून चाला. ‘नीट वाग’ ही सूचना मुलाला कळतच नाही. तिचे तुकडे करायचे, पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर काय करायचं, मदत मागणं, भांडण न करता ‘मला तसं वाटत नाही’ म्हणणं, वस्तू हिसकावण्याऐवजी मागणं. एका वेळी एकच तुकडा, दोन आठवडे तोच. आणि आधी करून दाखवायचं. मी चुकीचं वागणं स्वतः करून दाखवते, खुर्चीवरून उठते, एखाद्याची पेन्सिल हिसकावते, पाय आपटते, मुलं हसून हसून लोळतात, मग विचारते की आता बरोबर कसं करू सांगा, आणि मुलं मला शिकवतात. यात एक गोम आहे, चुकीचं फक्त बाईंनी करायचं, मुलांना करायला लावायचं नाही, नाहीतर त्यांना नेमकं तेवढंच आवडतं आणि लक्षात राहतं.

आता अॅक्टिव्हिटी. माझ्या वर्षानुवर्षं चाललेल्या चार-पाचच आहेत, नवीन नवीन शोधायच्या भानगडीत मी पडत नाही कारण खेळ ओळखीचा असला की मुलांचं लक्ष वागण्याकडे राहतं.

सगळ्यात आवडती म्हणजे तुकड्यातुकड्यांचं काम. एका माहितीचे चार भाग करायचे, प्रत्येकाला एकच भाग द्यायचा, आणि शेवटी प्रश्न असा विचारायचा की चारही भाग कळल्याशिवाय उत्तर येणारच नाही. याची मूळ कल्पना एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञांची, १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशाची मुलं पहिल्यांदाच एकत्र बसायला लागली होती आणि भांडणं चालली होती तेव्हा त्यांनी ही पद्धत काढली, जिगसॉ म्हणतात तिला. यात गंमत अशी की ज्या मुलाला कोणी ऐकत नाही त्याच्याकडे असं काहीतरी असतं जे बाकीच्यांना हवंय. त्याची टिंगल केली तर आपलंच उत्तर अडणार. तुमच्या दंगेखोराला चारातला सगळ्यात रंजक तुकडा द्या, पण त्याला वाचता येईल एवढाच लांब. आणि ग्रुप जमायच्या आधी एकदा त्याच्याकडून वाचून घ्या, हे विसरलात तर सगळ्यांसमोर अडखळेल आणि मग पुन्हा पेटी पडेल.

दुसरी, एक पेन्सिल चार जण. एकच कागद, एकच पेन्सिल, चौघांनी मिळून एक चित्र, प्रत्येकाला वीस सेकंद, बोलायचं नाही. पाळी थांबायला यासारखा सराव नाही. वीस सेकंद का तर आठ वर्षांच्या चुळबुळ्या मुलाला तीन पाळ्या म्हणजे एक मिनिट थांबणं जमतं, पुढच्या आठवड्यात तीस करा, मग चाळीस. सुरुवातच दोन मिनिटांनी केलीत तर फसणारच, आणि दोष मुलाला द्याल. चित्र कसंही येऊ दे, बहुतेक वेळा बटाट्याला पाय फुटल्यासारखंच येतं.

तिसरी, उलट्याचा खेळ. मी ‘डोकं’ म्हटलं की पायाला हात लावायचा, ‘पाय’ म्हटलं की डोक्याला. मग ‘गुडघे’ आणि ‘खांदे’ वाढवायचे. ज्याचं चुकेल तो बाद नाही, कारण बाद झालेलाच बाजूला बसून खोड्या काढतो, आणि ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आपण बाहेर बसवतो, हे मला फार उशिरा कळलं. चुकलं तर हसून पुढे. मनात आलेली पहिली गोष्ट न करता थांबणं, तेवढाच यातला व्यायाम. रोज तीन मिनिटं पुरे, तास सुरू व्हायच्या आधी.

चौथी हरण्याची प्रॅक्टिस, हो, हरण्याची. दगड-कागद-कात्री, पटापट दहा डाव, आणि प्रत्येक डावाला हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या हातावर टाळी देऊन ‘चल, अजून एक’ म्हणायचं. आपण मोजतो टाळ्या, जिंकणं नाही. दहा डावांत काही वेळा तरी प्रत्येक जण हरतोच, हरण्याची भीतीच बोथट होते. मोठ्या खेळात हरून आदळआपट करणारी मुलं यात हळूहळू निवळतात, कारण छोटं छोटं हरून त्यांना कळतं की काही कोसळत नाही.

आणि रोल. प्रत्येक ग्रुप कामात चार रोल, साहित्य आणणारा, वेळ बघणारा, लिहिणारा, सगळ्यांसमोर सांगणारा, आणि दर वेळी बदलायचे. ग्रुपचा ‘मॉनिटर’ मी ठेवत नाही. उठून फिरणाऱ्या मुलाला आधी साहित्य आणायचं काम द्या, त्याला फिरायचंच आहे ना, मग कामासाठी फिरू दे. मनुइलेंको नावाच्या रशियन संशोधिकेचं १९४८ सालचं एक काम मला फार आवडतं, लहान मुलांना नुसतं हलू नका म्हटलं तर ती थोडाच वेळ स्थिर राहायची, पण तुम्ही पहारेकरी आहात असा खेळ केला की बराच जास्त वेळ राहायची. मूल तेच, पाय तेच, पण आता उभं राहण्याला काहीतरी अर्थ आहे. रोलचं तसंच असतं, पण रोल खरा हवा. ‘तू शांतता मंत्री’ असले रोल मुलं दोन दिवसांत ओळखतात.

काम झालं की शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा, माझ्या मते अख्ख्या तासातली हीच कामाची. प्रत्येकाने सांगायचं की आज ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी काय केलं ज्याने आपलं काम सोपं झालं. मी याला उलटी चहाडी म्हणते. एरवी दिवसभर ‘बाई, हा बघा ना, याने माझं रबर घेतलं’ चालूच असतं, इथे ‘बाई, याने मला रबर दिलं’ हे सांगायचं. पहिल्या आठवड्यात सगळे एकच वाक्य बोलतील, ‘सगळे छान वागले’. ते घ्यायचं नाही, विचारायचं कोण, काय केलं, कधी. आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते, आणि तीन सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांब आणि चांगली यायला लागली. मी अजूनही मनात एक-दोन-तीन मोजते, एवढ्या वर्षांनी पण. ज्या दिवशी तुमच्या पाचातल्या एखाद्याचं नाव दुसरं मूल आपणहून घेईल त्या दिवशी त्याचा चेहरा बघा फक्त.

स्टार चार्ट लावलाय म्हणालात म्हणून सांगते. चार्ट पूर्ण वाईट नाही, पण नावानिशी भिंतीवर लावलेला चार्ट काढा, ज्याला एकच स्टार आहे त्याला रोज सकाळी तेच दिसतं आणि त्याच्या आईबाबांनापण. मिळालेला स्टार परत काढून घेणं तर अजिबात नको. आणि ‘असं केलंस तर हे देईन’ ही अट सारखी घालू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे, बालवाडीच्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचंच, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट देऊ, आणि एक-दोन आठवड्यांनी ती मुलं आपणहून चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवायला लागली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून मी बक्षीस देते ते अचानक, अख्ख्या ग्रुपला, आणि वस्तू नाही, पाच मिनिटं जादा खेळ, गोष्ट, मैदानावर सगळ्यात आधी जायला मिळणं. मात्र जे मूल एखादी गोष्ट अजून करतच नाही, त्याला सुरुवातीला ढकलायला छोटं ठरलेलं बक्षीस चालतं, आवडच नाही तर ती मरणार कशी. जमायला लागलं की हळूहळू बंद करा.

टीम करून गुण देण्याचा खेळ तुम्ही कदाचित ऐकला असेल, गुड बिहेवियर गेम. १९६९ मध्ये बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात पहिल्यांदा केला, वर्गाच्या दोन टीम, नियम मोडला की टीमच्या नावावर खूण, आणि ठरावीक आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही टीम जिंकू शकतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेऊन ती मुलं तरुण होईपर्यंत पाठपुरावा केला गेला, आणि लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनाचं प्रमाण कमी दिसलं, म्हणजे खेळात दम आहे. पण एक धोका, ‘तुझ्यामुळे हरलो’ हे सुरू झालं की त्या एका मुलाचं जगणं कठीण होतं. म्हणून मी टीमला टीमशी लढवत नाही, प्रत्येक ग्रुपचा सामना त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी. काल नऊ वेळा मध्ये बोललो, आज सात, झालं, जिंकलो.

कौतुक करताना जवळ जाऊन, हळू आवाजात, आणि नेमकं. ‘शाब्बास, गुड बॉय’ यातून काही कळत नाही. ‘तिचं बोलून होईपर्यंत तू थांबलास, मी बघितलं’ हे कळतं. काही मुलं कौतुक झालं की लगेच मुद्दाम काहीतरी बिघडवतात, त्यांना चांगलं म्हणून घ्यायची सवयच नसते, तिथे बोलू नका, जाता जाता बाकावर दोन टिचक्या मारा, तेवढं पुरतं. आणि छोट्या खोडीकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर सुरुवातीला खोडी वाढेल, वाढतेच, कारण आधी जिथे एकदा केल्यावर बाई बघायच्या तिथे आता तीनदा करून बघणार ना. तेव्हा घाबरून परत ओरडलात तर तो एवढंच शिकतो की तीनदा करायचं असतं. मारणं, ढकलणं, कोणाला लागेल असं काही, याकडे मात्र कधीच दुर्लक्ष नाही, तिथल्या तिथे थांबवायचं, कमी शब्दांत.

सगळं ग्रुपने सुटत नाही हेही सांगून ठेवते. जे मूल एकदम बदललंय, काल-परवापर्यंत ठीक होतं आणि आता मारतंय किंवा गप्प झालंय, जे स्वतःला इजा करतं, किंवा हाक मारल्यावर वळतच नाही, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, त्याला आधी घरच्यांशी बोलून डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायला सांगा. कान आणि डोळे तपासायचे राहून जातात बऱ्याचदा आणि मूल उगाच ‘लक्ष देत नाही’ म्हणून शिक्षा खातं.

आता तुमच्यापुरतं. सोमवारी सगळ्या वर्गाचे चार-चार जणांचे ग्रुप पाडा, ते पाच जण पाच वेगवेगळ्या ग्रुपमध्ये, आणि त्यांना ‘तुमचा ग्रुप का मोडला’ याचं लांबलचक स्पष्टीकरण देत बसू नका, आता सगळ्या वर्गाचे ग्रुप झालेत एवढंच सांगा. पहिला आठवडा फक्त एक पेन्सिल चार जण आणि उलटी चहाडी, दुसरं काही नाही. वही खिशात. शुक्रवारी बघा ज्या दोघांचं लिहिलंत त्यांच्या नोंदी नेमक्या कुठल्या वेळेला सगळ्यात जास्त आहेत. त्या दोघांपासून सुरुवात करू, बाकी तिघं कदाचित ग्रुप फुटल्यावरच निम्मे शांत झालेले असतील.